एफडी मोडायला हात धजत नाही. तुमची ही भीती कशी गेली?

विश्रामबागकर | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

वय ६४. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात हिशेब खात्यात ३४ वर्षं काढली, २०२१ मध्ये निवृत्त झालो. फंड, ग्रॅच्युइटी, आधीची शिल्लक आणि गावाकडच्या जमिनीतला वाटा मिळून आज ६२ लाख आहेत. ईपीएसची (कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन २,८०० रुपये. घर स्वतःचं, कर्ज नाही. मुलगी बेंगळुरूला, तिच्या संसारात सुखी. आम्हा दोघांचा महिन्याचा खर्च २६ हजार.

व्याज आलं की घरखर्चापुरतं काढतो आणि उरलेलं पुन्हा ठेवीत टाकतो. चार वर्षांत मुद्दल वाढलंच आहे. पण दोन वर्षांपासून मला नीट ऐकू येत नाही. मिरजेत तपासलं, दोन्ही कानांना मशीन लागेल म्हणाले. जोडीचे ६० हजार. मी दोनदा पावती घेऊन बँकेत गेलो आणि दोनदा परत आलो. दुसऱ्या वेळी काउंटरवरच्या मुलीनं सहज विचारलं, "काका, मोडायची का?" तो शब्द ऐकला आणि पावती परत खिशात गेली. घर मोडतं, ठरलेलं लग्न मोडतं, अडचणीत दागिना मोडावा लागतो. आपल्या भाषेत चांगलं असं काही मोडतच नाही.

याचं मूळ मला माहीत आहे. आमचं गाव आटपाडी तालुक्यात. ७२ च्या दुष्काळात मी ११ वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची, आम्हाला सुकडी मिळायची, घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी. त्या सगळ्या काळात देवाच्या फोटोमागे दहाची एक नोट होती. उपास काढले, पण आईनं ती नोट काढली नाही. पुढे दुष्काळ सरला, आम्ही कमावते झालो, तरी ती तिथंच होती. आई गेल्यावर फोटो उतरवला तेव्हा मिळाली.

पैसे पुरतील हे कागदावर मला दिसतं, जन्म आकड्यांतच गेला. तरी हात धजत नाही. ज्यांची ही भीती गेली त्यांनी सांगावं, कशी गेली?

कऱ्हाडची सून | सोमवार, रात्री ९.२५

काका, पाचशेची नोट मोडतो तेव्हा आपण रडतो का? सुट्टे होतात, वापरायला येतात! आणि वाईट खोडसुद्धा मोडतेच की. मशीन घ्या.

गोडोलीकर | सोमवार, रात्री ९.५२

पैसा हाताचा मळ आहे साहेब. मी जिल्हा परिषदेतून २०१६ ला बाहेर पडलो. सकाळी यवतेश्वराच्या घाटात चालणं, पहिल्या तारखेला राजवाड्यावरून नातवंडांना कंदी पेढे, वर्षातून एक मोठी सहल. पेन्शन येते ती महिनाअखेर संपते. तुम्ही इतका विचार का करता हेच मला समजत नाही. उद्याचं उद्या बघू.

मिरज जंक्शन | सोमवार, रात्री १०.४०

गोडोलीकर, तुम्हाला समजणार नाही, कारण तुमच्या पेन्शनला महागाई भत्ता लागतो आणि तुमच्या मागे वहिनींना कुटुंब निवृत्तिवेतन आहे. तुमची विहीर रोज आपोआप भरते. विश्रामबागकरांची टाकी आहे, जेवढं काढाल तेवढी खाली जाणार. या दोघांना एकच सल्ला कसा लागू पडेल?

मी उलट बाजूनं लिहितो. ही भीती चांगली आहे. ती राखणदार आहे.

२० वर्षांपूर्वी एका पतसंस्थेत माझे नऊ लाख होते. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळायचे. एके दिवशी सकाळी गेलो तर शटर खाली आणि पायरीवर माझ्या वडिलांच्या वयाची माणसं बसलेली. एक आजोबा पासबुक उघडून प्रत्येकाला दाखवत होते, "हे बघा, शिक्का आहे, सही आहे." ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. अनेक वर्षं हेलपाटे घालून मला दोन लाखांच्या आसपास मिळाले.

दुसरी गोष्ट आईची. ८५ व्या वर्षी पडली आणि ८८ व्या वर्षी गेली. तीन वर्षं अंथरुणात. दिवसाची एक बाई, रात्रीची एक, डायपर, औषधं, महिन्याला ३० हजार कुठंच गेले नाहीत. मी तेव्हा एक-एक ठेव राखली होती म्हणून आईला स्वच्छ, मानानं ठेवता आलं. "खर्च करा, मजा करा" म्हणणाऱ्यांपैकी त्या तीन वर्षांत कोणी पाच हजार घेऊन दारात आलं नाही.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ७.१५

दोघांचंही पटतं. आधी कागदावरचं कागदावर उरकू, म्हणजे भीतीपुरतं वेगळं बोलता येईल.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून १५ लाखांची ३० लाख झाली. तेव्हापासून दर ८.२ टक्के. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, पण एकदा खातं उघडलं की पाच वर्षं तुमचा दर तोच. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० म्हणजे महिन्याला २०,५०० पडले. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना दोघांच्या नावे १५ लाखांपर्यंत, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५०. तुमची पेन्शन धरून ३२,५५० झाले. खर्च २६ हजार. शिवाय १७ लाख बाजूला उरलेच.

यात महागाई धरलेली नाही. सहा टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो, म्हणजे ७६ व्या वर्षी तुम्हाला ५२ हजार लागतील आणि तेव्हा मुद्दलाला हात लावावाच लागेल. "मुद्दलाला हात लावायचा नाही" ही शिकवण ज्या काळातली, तेव्हा बँका ठेवीवर १२-१३ टक्के देत होत्या. ते दिवस गेले, शिकवण मात्र आपल्या अंगात राहिली.

आता सगळ्यात वाईट धरा. तुमचं व्याज फक्त महागाईइतकंच, वर एक पैसा नाही. पेन्शन वजा जाता वर्षाला लागतात सुमारे दोन लाख ७८ हजार. ६२ लाखांना त्यानं भागा. २२ वर्षं. म्हणजे ८६ व्या वर्षापर्यंत, आणि घर तेव्हाही उभंच.

या हिशेबात कानाचं मशीन म्हणजे अडीच महिने. २२ वर्षांतले अडीच महिने. त्या अडीच महिन्यांसाठी तुम्ही दोन वर्षं न ऐकता काढलीत काका. मला हे लिहितानासुद्धा त्रास होतोय.

विश्रामबागकर | मंगळवार, सकाळी ८.०५

आकडेमोड, २२ वर्षांचा आकडा माझ्या वहीतही हाच आहे. अडीच महिने असा भागाकार मात्र मी कधी केला नव्हता.

मिरज जंक्शन, तुमच्या आईंचं वाचून मन हललं. माझीही खरी भीती तीच आहे. माझ्या मागे हिला कमी पडलं तर? माझ्या पेन्शनमधली निम्मीच तिला मिळणार, १,४००.

हरिपूरचा | मंगळवार, दुपारी १.३०

काका, आमच्या हरिपूरची पेवं ऐकून असाल. जमिनीखाली खोल खड्डा, आतून सारवलेला, त्यात पोत्यानं हळद. तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड नाही. आज्जा म्हणायचा, पेव भरणाऱ्यानं दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक, भाव आला की उघडायचं, भाव येतो तो उघडण्यासाठीच. दुसरं, उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही. बंद पेवात हवा नसते, माणूस गुदमरतो. आधी तोंड मोकळं ठेवायचं, हवा खेळू द्यायची, मग उतरायचं.

तुमचं तसंच झालंय. पेव इतकी वर्षं बंद आहे की एकदम आत उतरायला गेलं की गुदमरणारच. दोनदा बँकेतून परत आला त्यात काय चुकलं? थोडं थोडं उघडा.

आणि एक. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं. लय पेवं कायमची गेली. ज्यांनी "अजून भाव येईल" म्हणून ठेवली होती त्यांचीपण गेली. साठवलेलं आहे म्हणजे सुरक्षित आहे असं नसतंय.

कऱ्हाडची सून | मंगळवार, दुपारी १.४४

वा! धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद. दादा, पेवं अजून बघायला मिळतात का? लेकरांना दाखवायची आहेत.

हरिपूरचा | मंगळवार, दुपारी २.१०

थोडी राहिलीत. संगमेश्वराला या, कृष्णा-वारणेचा संगम बघा, मग गावात कुणालाही विचारा, दाखवतील. आता बहुतेक माल शीतगृहात जातो.

वेण्णामाहुली | मंगळवार, रात्री ८.३०

मी साताऱ्याची, वय ६९. काल रात्रीपासून हा धागा तीनदा वाचला. आज लिहितेच.

आमचे हे खासगी कंपनीत होते. स्वभाव विश्रामबागकरांसारखाच. त्यांना एकच नाद, सतार. तरुणपणी थोडी शिकले होते. निवृत्त झाल्यावर चांगली सतार घ्यायची आणि पुन्हा बसायचं असं ठरलेलं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ते तीन वेळा जाऊन आले. प्रत्येक वेळी घरी येऊन सगळं सांगायचे, भोपळा कसा वाळवतात, तुणीचं लाकूड कसं निवडतात, जवारी कशी काढतात. मी विचारायचे, मग घेतली का? "बघू पुढच्या वर्षी. एवढे पैसे एका वस्तूत घालवायचे म्हणजे..."

निवृत्तीनंतर एकोणीस महिन्यांनी ते गेले. झोपेत.

पुढे एका लग्नासाठी मिरजेला गेले होते, तेव्हा त्या दुकानात पाय वळले. नाव सांगितलं, साताऱ्याहून आले म्हटलं, तर तिथले वयस्कर कारागीर लगेच म्हणाले, "ते होय! ते वाद्य मांडीवर घेऊन तासभर बसायचे. वाजवायचे नाहीत. नुसता हात फिरवायचे." मी तिथंच बसले थोडा वेळ. सतार घेतली नाही, मला वाजवता कुठं येते.

दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली, तेव्हा ते कात्रण कापून त्यांच्या फोटोशेजारी लावलं.

ते गेल्यावर माझ्याकडे सगळे कागद आले आणि भीतीसुद्धा तशीच माझ्याकडे आली. वर्षभर मी दुधाच्या पिशव्या मोजत होते. मग माझ्या भाच्यानं एक सोपी गोष्ट करून दिली. बचत योजनेचं व्याज वेगळ्या खात्यात येतं, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या पहिल्या तारखेला. त्या खात्याला मी "पगार" म्हणते. दुसऱ्या खात्याकडे बघतच नाही. आयुष्यभर आम्हाला पगार खर्च करायची सवय होती, पुंजी खर्च करायची नव्हती. पगार म्हटल्यावर हात सैल झाला. आता सज्जनगडला जायचं तर दोघी-तिघी मैत्रिणी मिळून गाडी करतो, गुडघे एसटीच्या पायरीला नको म्हणतात. कासला फुलं बघायला दरवर्षी जाते. आणि गेल्या वर्षीपासून एका मुलीची गाण्याच्या क्लासची फी भरते. ती तंबोऱ्यावर गाते.

काका, तुम्ही वहिनींना पुरावं म्हणून राखताय. एका बाईच्या बाजूनं सांगते, मला त्यांनी मागे ठेवलेल्या पैशात काही कमी पडलं नाही. मला त्यांची सतार ऐकायची होती.

गोडोलीकर | मंगळवार, रात्री ८.५८

वेण्णामाहुली ताई, नमस्कार करतो.

पुण्यातला लेक | बुधवार, सकाळी ११.२०

मी इथं मुलगा म्हणून लिहितो. वडील तासगावला, वय ७१. गेल्या दिवाळीत कळलं की बीपीची गोळी ते अर्धी करून घेत होते. एक पट्टी दोन महिने पुरवायची. का, तर "तुझ्यासाठी ठेवायचं आहे." मी रागावलो, ओरडलो, आणि मग आईनं मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की ओरडण्यानं होणार नाही, ते आता लपवून अर्धी घेतील.

मग मी शांतपणे बसून त्यांना माझा पगार, माझं कर्ज, माझी शिल्लक सगळं कागदावर दाखवलं. २० वर्षांत आम्ही हे कधी बोललोच नव्हतो. त्यांच्या मनात मी अजून कॉलेजची फी मागणारा मुलगाच होतो. तो कागद त्यांनी घडी घालून पाकिटात ठेवलाय. गोळी आता पूर्ण घेतात, आई मोजते!

विश्रामबागकर काका, तुमच्या मुलीशी एकदा आकड्यांत बोला. ती काय म्हणते ते ऐका. म्हणजे, मशीन लावून ऐका.

द्राक्षबाग | बुधवार, दुपारी १२.०५

सगळ्यांची मुलं अशी नसतात हेही लिहायला हवं. आमच्या भावकीत एकानं फंडाचे सगळे पैसे मुलाच्या फ्लॅटला दिले आणि घरही त्याच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं. आज दवाखान्याला मागावे लागतात. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र केलं असेल तर ते रद्द करून घेता येतं, पण ती अट लिहायची राहून गेली. खर्च करा, मुलांनाही द्या, पण जिवंतपणी घर नावावरून काढू नका. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार पुरतात, मुद्रांक लागत नाही.

मिरजेची सिस्टर | बुधवार, संध्याकाळी ६.४५

मी ३१ वर्षं परिचारिका होते, दोन गोष्टी सांगते.

ऐकू न येणं हा फक्त कानाचा प्रश्न नाही. स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्यासारखी कारणं आहेत त्यांत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्येही बहिरेपण धरलं आहे. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलणं टाळतो, लग्नाकार्यात कोपरा धरतो, मेंदू एकटा पडतो. मी वॉर्डात हे रोज पाहिलं. नातेवाईक सांगायचे, "बाबा हल्ली गप्प असतात." बाबा गप्प नसायचे, बाबांना ऐकू येत नसायचं. मशीन घेण्याआधी काही दिवस वापरून बघायला मागा. आणि पहिले पंधरा दिवस त्रास होतो, भांड्यांचे आवाज डोक्यात जातात, म्हणून काढून ठेवू नका.

दुसरं दवाखान्याच्या भीतीचं. ७० पूर्ण झाली की आयुष्मान भारतचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून, कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंत. तुम्हाला सहा वर्षं आहेत. मधल्या काळासाठी आरोग्य विमा असेल तर तो चालू ठेवा. वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. नसेल तर आजच चौकशी करा, आधीच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं आणि ती तीन वर्षं सुरू केल्याशिवाय संपत नाहीत.

गोडोलीकर | बुधवार, संध्याकाळी ७.३०

एसटीचंही सांगून ठेवतो. ६५ नंतर अर्धं तिकीट, ७५ नंतर फुकट. वहिनींना तर २०२३ पासून अर्धंच आहे. सांगलीहून साताऱ्याला या, स्टँडवर घ्यायला मी येतो.

द्राक्षबाग | बुधवार, संध्याकाळी ७.४१

रेल्वेची सवलत मात्र मार्च २०२० ला गेली ती गेलीच. ती परत द्यायला हवी. आमच्यासारख्यांचा पंढरपूर-तिरुपतीचा प्रवास त्यावर व्हायचा.

मिरज जंक्शन | बुधवार, रात्री १०.१५

वेण्णामाहुली ताईंचा प्रतिसाद वाचून दिवसभर काम सुचलं नाही. मी सतारमेकर गल्लीपासून दहा मिनिटांवर राहतो. ते गृहस्थ कदाचित माझ्या समोरून गेले असतील.

तरी माझं म्हणणं मी सोडत नाही. राखणदार हवाच. पण काल झोपताना विचार केला, माझ्या आईसाठी ते पैसे कामी आले ते मी ठेवी मोडल्या म्हणून. एकामागून एक अकरा पावत्या मोडल्या आणि एकदाही हात थरथरला नाही, कारण आई समोर होती. स्वतःसाठी मोडायची वेळ आली की तोच हात थरथरतो. गेली दोन वर्षं मला दातांचं काम करून घ्यायचं आहे. वरणभात खाऊन दिवस काढतोय. हे इथं पहिल्यांदाच कुणाला सांगतोय.

पैसे कुठं ठेवायचे यावर मात्र कृपा करून माझं ऐका. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत माणशी व्याजासह पाच लाखांचं विमासंरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाही. कितीही ओळखीची असो, संचालक कितीही सज्जन असोत, पतसंस्थेत म्हातारपणाचा पैसा ठेवू नका. आणि पाच लाखांची एक पावती करण्यापेक्षा ५०-५० हजारांच्या दहा करा, वेगवेगळ्या महिन्यांत संपणाऱ्या. मग कधी मोडावीच लागत नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी एक आपोआप पिकते.

आकडेमोड | बुधवार, रात्री १०.३२

"पिकते" हा शब्द किती छान. विश्रामबागकर, मोडू नका. पिकलेली काढा.

विश्रामबागकर | गुरुवार, दुपारी ३.००

मी सौ. विश्रामबागकर. हे झोपलेत, त्यांच्या मोबाइलवरून लिहिते. काल रात्री त्यांनी सगळा धागा मला मोठ्यानं वाचून दाखवला. मोठ्यानंच वाचतात, कारण स्वतःला ऐकू येत नाही.

सगळ्यांचे आभार. सिस्टर ताईंनी लिहिलं ते अगदी खरं आहे. आमच्याकडे संध्याकाळी गच्चीवर बसून बोलायची पद्धत होती, ३५ वर्षांची. आता मी एक वाक्य तीनदा सांगते आणि चौथ्यांदा "जाऊ दे" म्हणते. दिवसभरात किती वेळा "जाऊ दे" म्हणते याची मोजदाद नाही. मला मागे किती उरेल याची काळजी ते करतात. मी १९८७ पासून या घराचा किराणा भरते, मला २६ हजारांत घर चालवता येतं, ४० हजारांतही येईल आणि १५ हजारांतही येईल. ती काळजी त्यांनी माझ्यावर सोडावी.

आणि एक सांगायचं राहिलं. सासूबाईंची ती दहाची नोट अजून आमच्याकडे आहे. ह्यांनी ती बँकेच्या पासबुकाच्या कव्हरात ठेवली आहे. पासबुक उघडलं की आधी ती दिसते.

हरिपूरचा | गुरुवार, दुपारी ३.२०

काकी, ती नोट पासबुकातून काढा आणि देवाच्या फोटोमागं परत ठेवा. तिची जागा तीच.

वेण्णामाहुली | गुरुवार, दुपारी ४.०२

सौ. ताई, "जाऊ दे" वाचलं आणि डोळे भरून आले.

पुण्यातला लेक | शनिवार, सकाळी १०.००

विश्रामबागकर काका, काही बातमी?

विश्रामबागकर | रविवार, रात्री ९.१५

मंडळी, उशीर झाला, क्षमस्व. हिनं माझ्या नावानं लिहिलेलं मी शुक्रवारी वाचलं. दुपारभर काही सुचलं नाही. "जाऊ दे" हे मला खरंच कधी ऐकू आलं नव्हतं.

संध्याकाळी मुलीला फोन केला आणि पहिल्यांदाच सगळे आकडे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, गेल्या वर्षी मी तुम्हाला सांगितलं होतं की मला तुमचे पैसे नकोत. तुम्ही म्हणालात, हो हो, इकडे पण पाऊस आहे."

शनिवारी मिरजेला गेलो. बस पकडायला निघालो होतो, ही म्हणाली रिक्षा. रिक्षा केली. पुन्हा तपासणी झाली आणि आठ दिवस वापरायला मशीन दिलं आहे. सिस्टर ताई, भांड्यांचा आवाज खरंच डोक्यात जातो. रात्री हॉलमध्ये बसलो तर कर्र कर्र असं काहीतरी ऐकू येत होतं. मी उठून नळ बघितला, फ्रिज बघितला. ही म्हणाली, पंखा आहे, दोन वर्षं कुरकुरतोय, सांगून दमले. आज माणूस येऊन दुरुस्त करून गेला, ३०० रुपये. त्यानंतर गच्चीवर बसलो होतो.

पैसे अजून भरलेले नाहीत, खोटं सांगणार नाही. छातीत धडधड होतेच. पण एक ५० हजारांची पावती या महिन्याच्या २२ तारखेला संपते. आजवर प्रत्येक पावतीवर "आपोआप नूतनीकरण" अशी खूण असायची. उद्या बँकेत जाऊन या एका पावतीची ती खूण काढायला अर्ज देणार आहे. मोडायची नाही, पिकू द्यायची. वरचे दहा हजार बचत खात्यात आहेत. ताईंच्या सांगण्याप्रमाणे व्याजासाठी वेगळं खातं हिच्या आणि माझ्या नावे उघडतोय, एटीएम कार्ड हिच्याकडे राहील. बाकीच्या पावत्यांचं अजून ठरलेलं नाही. एका वेळी एकच.

नोट फोटोमागं ठेवली.

मिरज जंक्शन, पुढच्या शनिवारी मशीनसाठी पुन्हा मिरजेला येणार आहे. तुमच्या दातांच्या डॉक्टरांची वेळ त्याच दिवशी घ्या. मी सोबत येतो, बाहेर बसतो.

मिरज जंक्शन | रविवार, रात्री ९.४८

शनिवार सकाळी साडेदहाची घेतो. आधी घरी चहाला या. वहिनींनाही आणा.

कऱ्हाडची सून | सोमवार, सकाळी ७.०५

अर्ज देताना पोचपावतीवर शिक्का मारून घ्या काका, नाहीतर पावती परत आपोआप नवीन होते. आमच्या सासऱ्यांची झाली होती.